ज्याच्या हातात जॉब फुटला

शिरोली एमआयडीसीच्या अलीकडं आमचं ऑफिस आहे. काम असं की कोल्हापुरातल्या फौंड्रीवाल्यांना कास्टिंग ओतायच्या आधीच कॉम्प्युटरवर गणित करून दाखवायचं, लोखंड साच्यात कसं भरेल, कुठला कोपरा सगळ्यात शेवटी थंड होईल, कुठं पोकळी राहील. एकेक गणित सात-आठ तास चालतं, म्हणून ती रात्री लावून जायचं आणि सकाळी येऊन बघायचं. चौदा लिनक्स मशिनी आहेत आणि सगळ्यांचा डेटा एकाच स्टोरेज सर्व्हरवर, मधे एनएफएस. हे सगळं चालू ठेवायचं काम माझ्याकडं.

एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर आपल्याच डिस्कवर आहे असं वाटावं म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली पद्धत. १९९५ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि आमच्याकडं आजही तीच चालते. मला ह्या आवृत्तीबद्दल खरंच माया आहे. तिच्यात सर्व्हर कुणी कुठली फाइल उघडलीय हे लक्षात ठेवतच नाही, प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असते, त्यामुळं सर्व्हर मधेच बंद पडला आणि अर्ध्या तासानं उठला तरी हार्ड माउंट केलेला, म्हणजे उत्तर येईपर्यंत हार मानायची नाही अशा पद्धतीनं जोडलेला, क्लायंट (फाइल मागणारी मशीन) तिथल्या तिथं थांबून राहतो, परत परत विचारत राहतो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’, आणि सर्व्हर उठला की जिथं थांबला होता तिथनंच पुढं लिहायला घेतो. पाहुणा उशिरा येणार म्हणून ताट झाकून दारात बसलेल्या म्हातारीसारखं.

तर ऑक्टोबरमधल्या एका रात्री ११ वाजून २० मिनिटांनी आमच्या चौदातली एक मशीन गेली. गेली म्हणजे हँग नाही, कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल हा लिनक्सचा गाभाच कोलमडला, सगळंच ठप्प. वॉचमननं मला स्क्रीनचा फोटो पाठवला, तिरका, ट्यूबलाइटचा पट्टा मधनं गेलेला, पण अक्षरं वाचता येत होती. अमुक पत्त्यावरचं पान सापडत नाही, आणि खाली कॉल ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं त्याची उतरंड. त्यात वरनं तीन नावं एनएफएसची.

झालं, गुन्हेगार सापडला असं मला वाटलं. पुढचे आठ दिवस मी एनएफएसच्याच मागं होतो. माउंटचे ऑप्शन बदलले, केबल बदलल्या, स्विचचा पोर्ट बदलला, एक रात्र मशीन बंद ठेवून रॅमची टेस्ट लावली, ती सकाळपर्यंत स्वच्छ. ऑफिसमध्येही सगळे म्हणायला लागले की ही जुनी पद्धत टाकून द्या, दुसरं काहीतरी घ्या. मी वाद घातला नाही कारण ट्रेसमध्ये नाव तर तिचंच होतं.

एक मात्र बरं केलं, त्याच आठवड्यात सगळ्या मशिनींवर केडंप चालू केलं. ही व्यवस्था मला फार सुंदर वाटते. मशीन सुरू होतानाच मेमरीतला एक तुकडा, आमच्याकडं २५६ एमबी, बाजूला काढून ठेवायचा आणि त्यात एक छोटा दुसरा कर्नल झोपवून ठेवायचा. मोठा कर्नल मेला की हा छोटा उठतो, मेलेल्याच्या मेमरीला हात न लावता ती जशीच्या तशी डिस्कवर उतरवून घेतो, आणि मग मशीन रीस्टार्ट करतो. सकाळी आपल्याला एक मोठी फाइल मिळते, तिला व्हीएमकोअर म्हणतात, आणि क्रॅश नावाच्या टूलमध्ये ती उघडली की मरणाच्या क्षणी कुठली प्रोसेस काय करत होती, कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं होतं, सगळं वाचता येतं.

दुसरा क्रॅश दुसऱ्या मशीनवर झाला, तोही रात्री अकरानंतर. ट्रेसमध्ये ह्या वेळी आरपीसीचा भाग, म्हणजे एनएफएसच्या खालचा, निरोप नेणारा थर. म्हटलं ठीक आहे, शेजारीच आहे. पण तिसरा झाला आणि मी गप्पच बसलो, कारण त्यात नेटवर्कचा काडीचाही संबंध नव्हता, स्वतःच्या लोकल डिस्कवरची साधी कामं करणारा कोड होता तो, वर्षानुवर्षं लाखो मशिनींवर चालणारा. तीन मशिनी, तीन ठिकाणं. ट्रेस तिन्ही नीट वाचले, एकेक फंक्शनचा सोर्स उघडून ओळ न् ओळ वाचली, कुठंच चूक दिसेना. प्रत्येक ठिकाणी एकच, स्वतःच्याच स्ट्रक्चरमधला (एका वस्तूची माहिती जिथं एकत्र ठेवतात त्यातला) एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता, उचलला आणि तो पॉइंटर कचरा निघाला. ज्यानं उचलला त्यानं तो बिघडवला नव्हता.

हे सगळं रविवारी नाष्ट्याला मी आण्णांना सांगत होतो. सांगत होतो म्हणजे, ते विचारतात म्हणून. आण्णांनी उद्यमनगरात ३१ वर्षं लेथ चालवली, टर्नर म्हणून लागले आणि टर्नर म्हणूनच रिटायर झाले. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतः म्हणतात पण बिघाडाची गोष्ट असली की ते हातातला चहा खाली ठेवून ऐकतात.

त्यांच्या कामात हे रोजचंच होतं. फौंड्रीतनं कास्टिंग यायचं, वरनं गुळगुळीत, पेंट मारलेलं. लेथवर चढवायचं, दोन-तीन एमएमचा कट मारायचा, आणि कातडी निघाली की आत भोक. म्हणजे जॉब रिजेक्ट. आणि तो ज्याच्या मशीनवर रिजेक्ट झाला त्याचं नाव रजिस्टरमध्ये. मालक खाली यायचा, विचारायचा कुणाच्या हातात फुटला, आणि नवीन पोरगा असला की मान खाली घालून उभा राहायचा, जणू भोक त्यानंच पाडलंय. भोक तर ओतायच्या दिवशीच पडलेलं असतं, वाळू ओली राहिली, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, ती लोखंडात अडकली. लेथनं फक्त दार उघडलं. आण्णा असला तुकडा फेकून देत नसत. कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचे, फौंड्रीचा माणूस आला की त्याच्यासमोर ठेवायचे. मी लहानपणी तसले तुकडे खेळायला घेतलेत, जड, थंड, आणि आत बोट घातलं की गोल लागायचं.

तर माझं ऐकून ते म्हणाले, “तीन ठिकाणी फुटलं म्हणतोस. ठिकाण ऱ्हाऊ दे बाजूला. भोक कसलं हाय?”

मी म्हटलं, “म्हणजे काय आण्णा?”

“अरे, भोक भोकात फरक असतोय. आतनं गोल, चकचकीत असलं तर ग्यास. वाळूकडं बघायचं. खडबडीत, कुरतडल्यासारखं असलं तर श्रिंकेज, शेवटी थंड झालेली जागा, जादा लोखंड पुरवणारा रायझर बारका पडला. भोकच सांगतंय कुणी पाडलं. तू नुसतं फुटलं कुठं तेवढंच बघाय लागलास.”

मी चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला.

तिन्ही क्रॅशमध्ये एक कचरा पत्ता होता, आणि मी त्याच्याकडं कचरा म्हणूनच बघत होतो. आता तिन्ही एकाखाली एक लिहिले. हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या मोजणीत, तिन्ही नऊ अंकी, तिन्हींचा पहिला अंक १. कचरा असा एका मापाचा नसतो. कर्नलचे खरे पत्ते सोळा अंकी असतात आणि त्यांची सुरुवात एफएफएफएफनं होते, म्हणजे हे पत्ते नव्हतेच कधी, ही कुठलीतरी मोजणी होती. कुणीतरी पॉइंटरच्या जागेवर एक आकडा लिहून गेलं होतं.

मग मला जिफीज आठवलं. कर्नलचं स्वतःचं टिकटिक मोजायचं घड्याळ, आमच्या मशिनींवर सेकंदाला १०००. आणि त्याची एक खासियत अशी की ते शून्यापासून सुरू होत नाही. ३२ बिटांचा आकडा भरून परत शून्यावर उलटायला बरोबर पाच मिनिटं उरलेली असतात तिथनं ते मुद्दाम सुरू केलेलं असतं, का तर आकडा उलटल्यावर कुणाचा कोड चुकत असेल तर ते ४९ दिवसांनी नको, मशीन चालू केल्यावर पाच मिनिटांतच कळू दे. ज्यानं कुणी हे ठरवलं त्या माणसाला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. ६४ बिटांच्या मशीनवर ह्याचा परिणाम असा की पाच मिनिटांनंतर पुढचे दीड महिने जिफीजचा आकडा हेक्समध्ये नऊ अंकी असतो आणि त्याची सुरुवात १ नं होते.

पहिला पत्ता घेतला, वॉचमनच्या त्या तिरक्या फोटोतला. कोड पॉइंटरच्या ८ बाइट पुढचं वाचत होता, ते ८ वजा करून साध्या आकड्यात आला ५०८७३९१८७१. त्यातनं जिफीजची सुरुवात ४२९४६६७२९६ वजा केली. उरले ७९२७२४५७५. हजारानं भागलं की ७९२७२४ सेकंद, म्हणजे ९ दिवस ४ तास १२ मिनिटं. आणि फोटोत पॅनिकच्या ओळीच्या सुरुवातीला मशीन चालू झाल्यापासूनचे सेकंद छापलेले होते, ७९२७३१.

सात सेकंद. मशीन मरायच्या सात सेकंद आधी कुणीतरी ‘आत्ता किती वाजले’ हे लिहून ठेवलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या घरात लिहिलं होतं.

बाकीचे दोनही काढले. एकाला चार दिवस झाले होते, एकाला सोळा, आणि दोन्हीकडं फरक दहा सेकंदांच्या आतच. मी आण्णांना काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण आई म्हणते की मी ओरडलो.

इथं मेमरीबद्दल थोडं सांगायला हवं. कर्नलमध्ये छोट्या वस्तूंसाठी मेमरी ठरावीक मापाच्या कप्प्यांतनं मिळते, ९६, १२८, १९२, २५६ बाइट असे. एकाचं काम संपलं की कप्पा मोकळा, आणि लगेच त्याच मापाची गरज असलेल्या दुसऱ्या कुणालाही तो मिळू शकतो, तो एनएफएसचा असो नाहीतर डिस्कचा. लग्नाच्या हॉलमधल्या खोलीसारखं समजा. एक वऱ्हाड गेलं, खोली दुसऱ्या वऱ्हाडाला दिली, आणि पहिल्यातला एकजण खिशात राहिलेल्या जुन्या किल्लीनं दार उघडून आपलं सामान आत ठेवून गेला. त्याला वाटतंय खोली अजून आपलीच आहे. बोंब कोण मारणार, तर नवीन वऱ्हाडातला. आणि नवीन वऱ्हाड दर वेळी वेगळं, म्हणून तीन क्रॅश तीन ठिकाणी. ज्यांची नावं ट्रेसमध्ये आली ते तिघंही खोलीचे नवीन भाडेकरू होते.

आता किल्लीवाला शोधायचा होता. त्यासाठी कर्नलमध्ये स्लब डीबग म्हणून सोय आहे. बूट करताना एक ऑप्शन दिला की मोकळा केलेला प्रत्येक कप्पा, शेवटचा एक बाइट सोडला तर, ६बी ह्या एकाच बाइटनं भरून ठेवला जातो, ६बी ६बी ६बी, नुसतं तेच. ह्याला पॉयझन म्हणतात. कप्पा परत वापरायला काढताना कर्नल बघतो की सगळे ६बी जागेवर आहेत का. नसतील तर मधे कुणीतरी येऊन गेलं. शिवाय तो कप्पा आधी कुणी घेतला होता आणि कुणी सोडला होता ते पण लिहून ठेवलेलं असतं. ह्यानं मशीन हळू चालते म्हणून चौदातल्या दोनच मशिनींवर लावलं आणि वाट बघत बसलो.

काहीच होईना. एक रात्र, दोन, चार.

ते नोव्हेंबरचे दिवस होते, किरणोत्सवाचे, ९, १० आणि ११. आई दरवर्षी तिन्ही दिवस अंबाबाईला जाते. मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं, मंडपातनं पुढं सरकत गाभाऱ्यात पोचतं, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, आणि हे सगळं काही मिनिटांत. वाटेत काही आडवं आलं, आकाशात ढग आला, की नाही. पहिल्या दिवशी ढगच होते. आई परत आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “आज न्हाई झालं. उद्या हाय की.” आणि दुसऱ्या दिवशी चारलाच तयार होऊन बसली. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला माझ्या खिडकीचा, म्हणजे ज्या काही क्षणांतच तो क्रॅश घडू शकतो त्यांचा, विचार येत होता. रेस कंडिशन म्हणतात ती हीच, तीन-चार गोष्टी एका रेषेत याव्या लागतात, त्याही काही सेकंदांपुरत्या, एक सरकली की काहीच घडत नाही. मी नुसता वाट बघत होतो. पण माझा सूर्य तर माझ्याच हातात होता.

क्रॅश नेहमी रात्री अकरानंतर होत होते. अकराला सर्व्हरवर बॅकअप सुरू होतो, डिस्कवर ताण येतो, उत्तरं उशिरा येतात. म्हणजे उशीर ही एक गोष्ट नक्की हवी होती. तर उशीर मीच करायचा. लिनक्समध्ये नेटेम म्हणून आहे, नेटवर्कमधनं जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटला पाहिजे तेवढं थांबवून ठेवता येतं. दुपारी तीनला, टेस्टच्या मशीनवर, उत्तरं दोन-तीन सेकंद उशिरा येतील असं केलं आणि एक छोटी स्क्रिप्ट लावली, फाइल उघड, लिही, बंद कर, परत उघड. चाळीस मिनिटांत रिपोर्ट आला. पॉयझन ओव्हररिटन.

सगळीकडं ६बी आणि मधे आठ बाइट वेगळे. मशीन बाइट उलट्या क्रमानं ठेवते म्हणून उलटे करून वाचले, नऊ अंक, पहिला १. वर लिहिलेलं, हा कप्पा घेतला होता एनएफएसच्या ओपन कॉन्टेक्स्टनं, म्हणजे क्लायंटवर कुणी फाइल उघडली की तिची जी नोंद बनते तिनं, आणि फाइल बंद झाल्यावर रीतसर सोडला होता. मी त्या स्ट्रक्चरचा लिनक्सचा मूळ सोर्स काढला, बाइट मोजत गेलो. ज्या जागेवर लिहिलं गेलं होतं त्या जागेवर मूळ लिनक्समध्ये तसलं कुठलं फील्डच नव्हतं. तिथं स्ट्रक्चर संपलेलं होतं.

म्हणजे आमच्या मशिनींवरचा कर्नल मूळ नव्हता. मशिनी ज्यांनी पुरवल्या त्यांनी त्यात आपली भर घातलेली होती. त्यांचं नाव इथं घ्यायचं कारण नाही, चांगली माणसं आहेत. लिनक्स जीपीएल ह्या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणजे बदल करून दुसऱ्याला दिला तर मागितल्यावर सोर्स द्यावाच लागतो, आणि त्यांनी चार दिवसांत दिला. मला हे लायसन्स म्हणजे कागदी गोष्ट वाटायची. त्या दिवशी कळलं की हे म्हणजे फौंड्रीत जाऊन स्वतःच्या हातानं वाळू बघायचा हक्क आहे. आण्णांना तो कधीच नव्हता, त्यांच्याकडं फक्त कापडात गुंडाळलेला तुकडा होता.

पॅच, म्हणजे त्यांनी घातलेली भर, छोटाच होता, आणि हेतू पण चांगला होता. सर्व्हरचं उत्तर दोन सेकंदांपेक्षा उशिरा आलं तर त्या ओपन कॉन्टेक्स्टची आठवण ठेवायची, एक काम रांगेत टाकायचं, आणि दहा सेकंदांनी ते काम उठून बघणार की अजून उशीर होतोय का, आणि बघितल्याची वेळ त्याच कॉन्टेक्स्टमध्ये लिहिणार. पण रांगेत टाकताना ‘हे मी पण धरलंय’ असं सांगायचं राहिलं होतं. कर्नलमध्ये अशा वस्तूंवर मोजणी असते, धरणाऱ्यानं एक वाढवायचा, सोडणाऱ्यानं एक कमी करायचा, शून्य झालं की कप्पा मोकळा. इथं उशिरा का होईना उत्तर आलं, गणितानं फाइल बंद केली, मोजणी शून्य झाली, कप्पा दुसऱ्याला गेला, आणि दहा सेकंद भरल्यावर ते काम प्रामाणिकपणे उठलं आणि वेळ लिहून गेलं. रोज दिवसा हे होत नव्हतं कारण दिवसा उशीरच होत नव्हता. रात्री पण बहुतेक फाइली तासन्‌तास उघड्या असायच्या. नेमकी त्या दहा सेकंदांत फाइल बंद व्हावी आणि नेमका तो कप्पा कुणीतरी उचलावा, आणि नेमका पॉइंटर त्या जागेवर असावा.

दुरुस्ती दोन ओळींची. रांगेत टाकायच्या आधी एक गेट, म्हणजे मोजणी एकनं वाढव, काम संपल्यावर एक पुट, म्हणजे एकनं कमी कर. मी पॅच, रिपोर्ट, तिन्ही आकड्यांचं गणित सगळं त्यांना पाठवलं. ज्या पोरानं तो कोड लिहिला होता त्याचा दोन दिवसांनी फोन आला, अगदी हळू आवाजात बोलत होता, सर सॉरी म्हणाला. मी त्याला विचारलं की तुझ्याकडं हा कोड कुणी तपासला होता का. तो थोडा वेळ बोलला नाही, मग म्हणाला, तो रिलीज घाईत होता. मग आम्ही अर्धा तास त्याच्या पुढच्या पॅचवर बोललो, तसलीच अजून एक जागा त्याला स्वतःलाच सापडली होती.

आण्णांना मी रिपोर्ट प्रिंट काढून दाखवला. चष्मा लावून त्यांनी ६बीच्या त्या ओळींवरनं बोट फिरवत नेलं आणि मधल्या आठ बाइटांवर थांबवलं. “हितं?” म्हणाले. मी म्हटलं, हितंच. मग त्यांनी विचारलं, “आणि ती तुझी एनएफएस? तिचं नाव काढलं का रजिस्टरातनं?”

सोमवारी ऑफिसात सगळ्यांना मेल टाकला, की एनएफएसमध्ये दोष नव्हता, बदलायचा विचार सोडून द्यावा, आणि का ते पूर्ण लिहिलं.

नवीन कर्नल घातल्यावर पहिल्या रात्री मी लॅपटॉप घेऊन जागाच बसलो. अकराला बॅकअप सुरू झाला. ११ वाजून १४ मिनिटांनी लॉगमध्ये ओळ आली, सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग. आतल्या खोलीतनं आईनं विचारलं झोपलास का. पुढचं जवळजवळ मिनिटभर काहीच नाही, कर्सर नुसता लुकलुकत होता. मग दुसरी ओळ आली, सर्व्हर ओके.